“हा टिफनी आहे का गं?” रंगीत काचेचा टेबल लॅम्प ओळखायचा कसा आणि त्याची किंमत लावायची कशी

गेल्या दिवाळीत बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे फराळाला गेले तर दिवाणखान्यात टीव्हीच्या बाजूला काहीतरी भलंमोठं चादरीखाली झाकून ठेवलेलं. आतेभाऊ न्यू जर्सीहून आला होता. तिकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं अख्ख्या घरातलं सामान दोन दिवसांत विकून मोकळी होतात, तसल्याच एका सेलमध्ये ह्याने ८० डॉलरला एक लॅम्प उचलला आणि बेस चेक-इन बॅगेत, शेड आत्यानेच शिवून दिलेल्या गोधडीत गुंडाळून हातात, असा तो बडोद्याला आणला. चादर काढली. रंगीत काचेच्या तुकड्यांची घुमटासारखी शेड, लाल फुलं, हिरवी पानं, खाली काळपट तपकिरी खांब. समोरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून निकाल देऊन टाकला, “टिफनी आहे वहिनी, २५ लाखाला मरण नाही.” त्या रात्री आत्या म्हणे दोनदा उठून दाराची कडी बघून आली.

दुसऱ्या दिवशी मला फोन. बाबांचं रावपुऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान होतं, त्यामुळे लहानपणापासून होल्डर आणि वायरी हातात, आणि आता गेली काही वर्षं जुने दिवे दुरुस्त करायचा नाद लागलाय, म्हणून नात्यात कुणाकडे जुना दिवा निघाला की तो माझ्याकडे येतो. आत्याच्या लॅम्पचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण तुमच्याकडे असा लॅम्प आला तर कुठल्या क्रमाने काय बघायचं ते त्यातच सांगते, कारण क्रम फार महत्त्वाचा आहे. सगळेजण आधी नाव शोधतात. नाव सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी ‘टिफनी’ ह्या शब्दाचा घोळ

न्यूयॉर्कमध्ये टिफनी अँड कंपनी हे दागिन्यांचं दुकान १८३७ पासूनचं. त्याच्या मालकाचा मुलगा लुई कम्फर्ट टिफनी, जन्म १८४८, ह्याला दागिन्यांपेक्षा काचेचं वेड. खिडक्या केल्या, स्वतःची काचेची भट्टी टाकली आणि १९०० च्या आसपास हे रंगीत काचेचे लॅम्प बाजारात आणले. ते टिफनी स्टुडिओजचे. म्हणजे बापाची कंपनी वेगळी, मुलाची वेगळी. आणि गंमत अशी की त्यातले बरेच गाजलेले लॅम्प, चतुर किड्याचा, विस्टेरिया नावाच्या वेलीच्या फुलांच्या घोसांचा, हे क्लारा ड्रिस्कॉल नावाच्या बाईने डिझाइन केलेले. काच कापणाऱ्या बायकांच्या विभागाची ती प्रमुख होती, पण तिने घरी लिहिलेली पत्रं अलीकडे अभ्यासकांच्या हाती लागली तोवर, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, सगळं श्रेय साहेबांनाच. काय नवीन नाही म्हणा ह्यात.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हा स्टुडिओ बंद पडला. पण नाव उरलं आणि आता जगभर तुकड्यांच्या काचेच्या कुठल्याही लॅम्पला टिफनी म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. १९६० नंतर ही फॅशन परत आली तेव्हापासून आजपर्यंत असे लॅम्प प्रचंड संख्येने बनले, बरेचसे चीनमध्ये, आणि आजच्या काही अमेरिकन कंपन्यांच्या नावातच टिफनी हा शब्द आहे. त्यामुळे खोक्यावर किंवा लेबलवर टिफनी लिहिलंय एवढ्याने काही म्हणजे काही सिद्ध होत नाही.

पहिलं काम म्हणजे प्लग लावायचा नाही

हे मी ओरडून सांगते कारण सगळ्यांना पेटवून बघायचीच घाई असते. अमेरिकेतला लॅम्प १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. तिकडचा साधा फिलामेंटचा बल्ब इथे लावलात तर क्षणभर पांढराफटक उजेड आणि मग बल्ब गेला, नशीब वाईट असेल तर काच फुटून शेडवर उडेल. शिवाय तिकडचा प्लग आणि वायरीवरचा स्विच बरेचदा त्या व्होल्टेजच्या हिशोबाने केलेला असतो. आणि लॅम्प इथलाच जुना असेल तर कापडी वेष्टणाची वायर आतून रबर सुकून भुगा झालेली असते, वर सगळं छान दिसतं, वाकवली की तडकते.

मग आत उजेड कसा पाडायचा, तर मोबाइलचा टॉर्च लावून फोन शेडच्या आत ठेवायचा. तपासायला तेवढा पुरतो, किंबहुना बल्बपेक्षा बरा, कारण हवा तसा फिरवता येतो.

उचलताना कधीही शेड धरून उचलू नका. शेडचं सगळं वजन वरच्या एका कड्यावर लटकलेलं असतं, ते सुटलं की खेळ खलास. वरची नॉब डावीकडे फिरवून काढा, टोपी काढा, मग शेड दोन्ही हातांनी खालून धरून सरळ वर. जमिनीवर गोधडी अंथरून तिच्यावर ठेवा. एक हात मोकळा हवा म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बसवा जवळ, मी आत्याला बसवलं होतं आणि तिने पूर्णवेळ श्वास रोखून धरला होता.

शेड कुठल्या जातीची आहे

रंगीत काचेचा म्हणून जो लॅम्प घरात येतो तो चारपैकी एका जातीचा असतो आणि इथेच निम्मा निकाल लागतो.

सगळ्यात खालची जात म्हणजे एकच अख्खी काच किंवा ॲक्रिलिक, वर रंग मारलेला आणि काळ्या पेस्टने उठावदार रेघा काढलेल्या. बाहेरून बोट फिरवलं की रेघ लागते, आतून फिरवलं तर सपाट. खऱ्या जोडकामात रेघ दोन्ही बाजूंना असते, अगदी समोरासमोर. प्लास्टिक ओळखायला नखाने टिचकी मारा. बडोदेकराला हे शिकवायला नको, आपल्या घरोघरी अलेंबिकच्या येरा काचेचे ग्लास होते, टिचकीचा आवाज कानात बसलेला आहे. काच खणकते आणि गालाला लावली तर गार लागते, प्लास्टिक टकटक करतं आणि कोमट लागतं.

दुसरी जात मोझेकची. काचेच्या गोळ्यावर रंगीत तुकडे आणि मणी चिकटवून मधे पांढरं किंवा राखाडी सिमेंटसारखं भरलेलं. ह्यांना तुर्की लॅम्प म्हणून विकतात. दिसतात सुंदर, पण हे वेगळं काम, ह्यांची तुलना पुढच्या दोन जातींशी करू नका.

तिसरी जात पॅनेलची, आणि ह्या जातीला लोक फार कमी लेखतात. धातूच्या साच्यातल्या चौकटीत सहा किंवा आठ मोठ्या, वाकवलेल्या काचा बसवलेल्या असतात, काच दुधाळ, मधे मधे ढग पसरल्यासारखे पट्टे, बहुतेक मधासारख्या किंवा हिरव्या रंगाची. आतून बघितलं तर काच वाकवलेल्या पत्र्याच्या छोट्या जिभांनी धरलेली दिसते. असे लॅम्प १९०० ते १९३० च्या काळात अमेरिकेत भरपूर बनले, मध्यमवर्गीय घरांसाठी. म्हणजे ते खरोखर जुने असण्याची शक्यता तुकड्यांच्या चकचकीत शेडपेक्षा जास्त.

चौथी जात खऱ्या तुकड्यांची. काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची, तुकडे लाकडी साच्यावर रचायचे आणि मग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाच्या मिश्रधातूने, जोडायचे. चर्चच्या खिडक्यांत शिशाची जाड पट्टी वापरतात, तिला दोन्ही बाजूंनी खाच असते आणि त्या खाचेत काच बसते, पण तिने एवढं बारीक आणि गोलाईचं काम होत नाही, म्हणून लॅम्पसाठी तांब्याची पट्टी. विस्टेरियाच्या एका शेडमध्ये असे सुमारे २००० तुकडे असायचे, विचार करा.

आत्याची शेड चौथ्या जातीची निघाली. काकांचा चेहरा फुलला. मी म्हटलं थांबा.

काच आणि जोड, इथे वेळ द्या

अर्धा तास तरी नुसतं बघा. आधी दिवा बंद ठेवून, मग आत टॉर्च लावून. रंग काचेच्या पोटात आहे की वरून चढवलाय ते तुकड्याच्या कडेला किंवा टवका उडालाय तिथे कळतं. टवक्याच्या आतही तोच रंग असेल तर काच मुळात रंगीत. आत पांढरी स्वच्छ काच दिसली तर वरून रंग.

मग काचेची निवड बघा. चांगल्या कामात एकाच पाकळीत रंग हलतो, देठाजवळ गडद आणि टोकाला फिका, पानाच्या तुकड्यात शिरा वाटतील असे पट्टे देठाच्याच दिशेने धावतात, आकाशाच्या जागी निळ्यात पांढरे ठिपके विरघळलेले असतात. काही काच तर वस्त्राच्या चुणीसारखी घडी पडलेली असते, हाताला उंचसखल लागते. कुणीतरी मोठ्या काचेवर तुकड्याच्या आकाराची कापलेली खिडकी फिरवत बसून, हाच भाग हवा म्हणून, तो तेवढाच कापलेला असतो. पैसा त्या बसण्याचा आहे. स्वस्त कामात लाल म्हणजे सगळीकडे एकच लाल, हिरवा म्हणजे एकच हिरवा, शेड गोल फिरवली तरी फूल क्रमांक एक आणि फूल क्रमांक चार जुळे भाऊ.

तुकडे मोजा. सगळे मोजायची गरज नाही, नक्षी शेडवर किती वेळा परत येते ते बघा आणि एका भागातले मोजून गुणाकार करा. १६ इंची शेडमध्ये दीडशे तुकडे आणि तेवढ्याच शेडमध्ये पाचशे तुकडे ह्यात मजुरीचा किती फरक आहे ते वेगळं सांगायला नको. शेडच्या सगळ्यात वळणदार भागात तुकडे लहान हवेत. तिथेही मोठे तुकडे असले तर घुमट गोल न दिसता कोपरे कोपरे दिसतो, आणि हे लांबूनच कळतं.

आता सोल्डर. आतून बघा, बाहेरून सगळेच घासूनपुसून देतात. हाताने केलेल्या रेषेची जाडी थोडी कमीजास्त असते पण रेषा भरीव, गोलसर, सलग असते. घाईचं काम असेल तर आतून सोल्डरचे गोळे लोंबलेले, तांब्याची पट्टी मधेच उघडी, कुठे काच आणि पट्टीच्या मधून टॉर्चचा उजेड सुईसारखा बाहेर येतो. सोल्डर मुळात चांदीसारखा, त्याला रसायन लावून तपकिरी किंवा काळा करतात. जुन्या वस्तूवर हा रंग सारखा नसतो, जिथे हात लागतो तिथे उजळलेला, खाचांत गडद आणि धुळीचा थर बसलेला. एकसारखा काळा म्हणजे तो अलीकडे लावलाय.

शेड हातात धरून बोटांनी हलकेच थापटा. खूप जुन्या शेडमध्ये काही तुकडे किंचित सैल होतात आणि बारीक खुळखुळ येते. हा पुरावा नाही, नुसती खूण आहे, नवीन पण खराब शेडही खुळखुळते.

आत्याच्या शेडमध्ये साधारण ३०० तुकडे, जोड बऱ्यापैकी स्वच्छ, पण लाल सगळा एकच लाल.

बेस उलटा करा

शेडपेक्षा बेस जास्त बोलतो असा माझा अनुभव, कारण नक्कल करणारा शेडवर खर्च करतो आणि बेसवर वाचवतो. टिफनी स्टुडिओजचे धातूचे बेस मुख्यतः ब्राँझचे. आजच्या लॅम्पचे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, वरून ब्राँझसारखा रंग.

फ्रीजवरचा मॅग्नेट घ्या. चिकटला तर लोखंड किंवा बीड. नाही चिकटला तर ब्राँझ, पितळ, जस्त किंवा रेझिन, चारीपैकी काहीही असू शकतं, त्यामुळे लगेच उड्या मारू नका. रेझिन हाताला कोमट आणि ठोकलं की बद्द वाजतं. जस्त आणि ब्राँझ वेगळं करायला बेसच्या तळाशी, आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे सुईने बारीक ओरखडा काढा. पिवळसर किंवा गुलाबीसर चमकलं तर पितळ-ब्राँझ, पांढरट राखाडी आलं तर जस्त. वस्तू दुसऱ्याची असेल तर विचारल्याशिवाय ओरखडा नाही, आणि ती भारी वस्तू असल्याचा जरा जरी संशय असेल तर अजिबात नाही.

तळाला हिरवं किंवा तपकिरी फेल्ट, म्हणजे जाड लोकरीसारखं कापड, चिकटवलेलं असतं. ते कोपऱ्यातून हळूच उचलून बघा, खाली शिक्का किंवा लेबल लपलेलं असू शकतं. कधी खाली सिमेंटचा गोळा सापडतो, वजन वाढवायला भरलेला. आत्याच्या लॅम्पमध्ये तोच सापडला आणि ओरखडा राखाडी आला. काका तोवर चहा प्यायला आत गेले होते.

आणखी एक बघायचं, शेड आणि बेस एकमेकांचेच आहेत का. दोन मोडक्या लॅम्पमधून एक धड लॅम्प करणं हा फार जुना उद्योग. वरचं कडं नीट बसतं का, शेडचा घेर बेसच्या उंचीला शोभतो का, दोघांवरचा काळसरपणा एकाच वयाचा वाटतो का. लग्न लावलेली जोडी असेल तर किंमत बरीच उतरते.

वायर, होल्डर, स्क्रू

हे माझं आवडतं खातं. काच खोटं बोलेल, स्क्रू बोलत नाही. ज्याला आपण प्लस स्क्रू म्हणतो तो वापरात आला १९३० च्या दशकात, त्यामुळे लॅम्पच्या मूळ जोडणीत प्लस स्क्रू दिसला तर तो १९०५ चा असणं शक्य नाही. अर्थात नंतर दुरुस्तीत कुणी बसवलेला असू शकतो, म्हणून एकच स्क्रू बघून निकाल देऊ नका, सगळे बघा.

होल्डर पितळेचा, साखळी ओढायचा आणि त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर जुनं असायची शक्यता बरी. प्लास्टिकचा असेल तर निदान होल्डर तरी नवा. प्लगची एक चपटी पिन दुसरीपेक्षा रुंद असेल तर वायर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. होल्डरजवळ किंवा वायरीवर यूएल असं लिहिलेलं स्टिकर असतं, ते अमेरिकेतलं सुरक्षेचं प्रमाणपत्र, आणि ते चमचम करणारं होलोग्रामवालं असेल तर लॅम्प अगदी अलीकडचा. आत्याच्या लॅम्पवर अर्धं फाटलेलं असंच होलोग्राम चिकटलेलं होतं, आणि बेसमधले चारही स्क्रू प्लसचे.

आणि आता नाव

खऱ्या टिफनी स्टुडिओजच्या बेसखाली साधारणपणे ‘टिफनी स्टुडिओज न्यूयॉर्क’ असा ठसा आणि एक मॉडेल नंबर धातूतच ठोकलेला असतो, आणि शेडच्या आतल्या कडेला धातूची छोटी पट्टी सोल्डर केलेली असते तिच्यावरही नाव. पण सगळ्या खऱ्यांवर ते असतंच असं नाही, आणि खोट्यांवर मात्र हमखास असतं. ठसा मारायला काय लागतं. म्हणून मी म्हटलं, काच, जोड, धातू, स्क्रू हे सगळे एका सुरात जुनं म्हणत असतील तरच त्या नावाला अर्थ. हे सगळे नवं म्हणत असतील आणि फक्त शिक्का जुनं म्हणत असेल, तर शिक्का खोटा.

त्या काळात टिफनी एकटे नव्हते हेही लक्षात असू द्या. हँडेल, डफनर अँड किंबर्ली, पेअरपॉइंट, ब्रॅडली अँड हबर्ड ही नावं दिसली तर वस्तू परत गोधडीत गुंडाळा आणि शांतपणे माहिती काढा. हँडेल आणि पेअरपॉइंट तर काचेच्या आतल्या बाजूने हाताने रंगवलेल्या शेडसाठी प्रसिद्ध आहेत, तिथे रंगवलेलं म्हणजे स्वस्त हा वरचा नियम लागू होत नाही. नियमांना असे अपवाद असतातच.

आता पैशाचं

किंमत एक नसते, तीन असतात, आणि भांडणं होतात ती सगळी ह्यांची सरमिसळ झाल्यामुळे. दुकानदार तुम्हाला देईल ती एक, त्याला भाडं, धूळ आणि सहा महिने न विकला जाण्याची भीती असते, म्हणून तो विक्रीच्या निम्मे किंवा त्याहून कमी देतो, आणि त्यात तो लबाड नसतो. तुम्ही थेट कुणाला विकलात तर मिळेल ती दुसरी. आणि उद्या फुटला तर तसाच परत घ्यायला लागेल ती तिसरी, विम्यासाठीची, सगळ्यात मोठी.

आकडा काढायचा असेल तर आधी नोंदी करा. शेडचा व्यास, लॅम्पची उंची, वजन, तुकड्यांचा अंदाज, बेसचा धातू, तडे किती. फोटो किमान आठ, आत टॉर्च लावून, बंद करून, शेड आतून, तळ, होल्डर, शिक्का, आणि प्रत्येक डॅमेजचा जवळून. डॅमेज लपवू नका, आलेला आकडा नंतर निम्मा होतो. तडे शोधायला नख काचेवरून आडवं फिरवा, डोळ्याला न दिसणारा तडाही नखाला अडकतो. मोठ्या जुन्या शेडमध्ये दोनचार केसासारखे तडे असले तर फार बिघडत नाही, पण तुकडाच गायब असेल, वरचं कडं सुटलेलं असेल किंवा शेड एका बाजूला बसली असेल तर बराच कमी. चकाकणारा गोंद दिसला तर कुणीतरी घरगुती उपचार केलेत.

मग ईबे ह्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर जा आणि तिथे विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. हा फिल्टर न लावता जे आकडे दिसतात ती लोकांची स्वप्नं असतात. आपल्यासारखे पाचसहा लॅम्प शोधा, सगळ्यात वरचा आणि खालचा सोडा, मधले धरा. नवीन टिफनी पद्धतीचे टेबल लॅम्प अमेरिकेत साधारण १०० ते ४०० डॉलरला मिळतात, मग तसाच वापरलेला त्याहून कमीत जाणार हे उघड आहे. जुने पॅनेलवाले काही शे डॉलरपासून सुरू होतात आणि नामवंत कंपनीचा शिक्का असेल तर वर चढतात. आणि खरे टिफनी स्टुडिओजचे वेगळ्याच जगात, हजारो डॉलरपासून लाखोंपर्यंत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज ह्या लिलावघरात कमळाच्या तळ्याचा एक लॅम्प ३३ लाख डॉलरच्या वर गेला. काकांनी मोबाइलवर हीच बातमी वाचली होती, एवढंच.

तुमचा लॅम्प सगळ्या पायऱ्या पास झाला, म्हणजे ब्राँझ, हलते रंग, जुने स्क्रू, ठसा, तर मात्र इथल्या कुणाला विकू नका, साफ पण करू नका. मोठी लिलावघरं ऑनलाइन फोटो पाठवले तर प्राथमिक अंदाज फुकट देतात.

आत्याच्या लॅम्पचा हिशोब मी असा मांडला. काम चांगलं, धातू जस्त, वय फार तर २०-२५ वर्षं, तडा एकच. अमेरिकेत १००-१५० डॉलर, म्हणजे भावाला तोटा नाही. बडोद्यात कुणा हौशी माणसाने घेतला तर दहा हजारांच्या आसपास, दुकानदाराने घेतला तर चारपाच. आत्या म्हणाली, “म्हणजे २५ लाख नाहीत ना? बरं झालं बाई, झोप तरी लागेल.”

पण ह्या गोष्टीचं शेपूट पुढे आहे. हे सगळं ऐकायला बसलेल्या शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या की आमच्या माळ्यावर पण एक आहे, सासऱ्यांच्या काळातला, भंगारवाला वजनावर ६०० रुपये देतो म्हणालाय. गेलो. पॅनेलचा लॅम्प, सहा दुधाळ मधाच्या रंगाच्या काचा, एक तडकलेली, होल्डर पितळेचा, कापडी वायर, एकूणएक स्क्रू सरळ खाचेचे, चौकटीवर नव्वद-शंभर वर्षांची काजळी. शिक्का कुठेच नाही. मुंबईच्या चोर बाजारातल्या एका व्यापाऱ्याने फोटोंवरूनच २२ हजार सांगितले, शेवटी २८ पर्यंत आला. वहिनींनी विकला नाही, मुलीला शिकागोला पाठवायचा म्हणाल्या, आणि इथे एक गोष्ट माहीत हवी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू शंभरीच्या आसपासची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यायचा, नाहीतर एअरपोर्टवर अडकते.

वापरायचा असेल तर

वायरिंग सगळं नवीन करून घ्या. बेस धातूचा असेल तर तीन तारांची वायर आणि अर्थिंग पाहिजेच, इथे काटकसर नाही. वायर बेसमधून जिथे बाहेर येते तिथे रबरी बूच लावा, नाहीतर धातूची कड वायर कापते. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना, उलटं झालं तर बल्ब बदलताना झटका. जुने भाग काढून फेकू नका, पिशवीत घालून लॅम्पबरोबर ठेवा, पुढे किंमत लावताना तेच पुरावे. बल्ब ४-५ वॉटचे एलईडी, पिवळसर उजेडाचे. पांढऱ्या एलईडीत लाल काच मेल्यासारखी दिसते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात आलं त्यांनी तर जुन्या लॅम्पचा बेस उघडल्याशिवाय प्लग लावूच नये, फेल्टखाली ओल महिनोनमहिने राहते.

साफ करायला मऊ कोरडा ब्रश, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर. व्हिनेगर, लिंबू, पितांबरी, अमोनियावाला काचेचा स्प्रे, ह्यातलं काही नको, सोल्डरचा रंग उडतो. पाण्यात बुडवायचं तर नावच नको. आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हात लावल्यावर साबणाने धुवा आणि रांगत्या मुलांपासून लांब ठेवा.

आत्याचा लॅम्प आता नवीन वायरीवर रोज संध्याकाळी दिवेलागणीला लागतो. वरच्या नॉबला तिने दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलीय, “शेड धरून उचलू नये.” काका आले की अजून विचारतात, खालचं फेल्ट पूर्ण काढून बघितलं होतं ना?